बायजाबाईंचं लाल रेशीम मी पांढरं केलं, आणि आता पुढचं लिहवत नाही

गोठवाली (ग्वाल्हेर)

नमस्कार मंडळी. तीन वर्षं इथे नुसती वाचतेय, लिहायची ही पहिलीच वेळ. लांबणार आहे, पण थोडक्यात सांगितलं तर काही कळायचं नाही.

मी ग्वाल्हेरची, लष्कर नावाच्या भागात राहते. दिवसा दाल बाजारात एका आडतीवर हिशेब लिहिते. रात्री साडेदहाला चौका आवरला की फोनवर एक ऐतिहासिक मालिका लिहिते. चौका म्हणजे आमच्याकडे स्वयंपाकघर. हा शब्द पुढे परत येणार आहे, म्हणून आत्ताच सांगून ठेवते.

मालिका बायजाबाई शिंद्यांच्या काळातली आहे. त्यांचे यजमान, ग्वाल्हेरचे महाराज दौलतराव १८२७ च्या मार्चमध्ये गेले तिथून सुरुवात. बायजाबाईंनी मुलगा दत्तक घेतला, कारभार हातात ठेवला, १८३३ मध्ये त्यांना ग्वाल्हेर सोडावं लागलं, मग आग्रा, मग फतेगडचे तंबू. एवढं सगळं इतिहासातलं. माझी नायिका गोदी मात्र माझ्या मनातली. मुदपाकखान्यात, म्हणजे वाड्याच्या स्वयंपाकघरात, पाणी तापवायला ठेवलेली पोर, बाईसाहेबांच्या मागोमाग तंबूतंबूतून फिरणारी. इतिहासाच्या पुस्तकात राणीचा तह असतो, तिच्या आंघोळीचं पाणी कुणी तापवलं ते नसतं. मला तेवढंच लिहायचं होतं.

एक्केचाळीस भाग झाले. पहिल्या आठ भागांना वीस-पंचवीस वाचक होते, त्यातल्या दोन माझ्या मावसबहिणी. मग नवव्या भागात एक चाबूकस्वार आला. त्याचं काम एकच, बाईसाहेबांचा घोडा धरून उभं राहणं. त्याने गोदीला एक वाक्य म्हटलं, "पाणी सांडलं तरी चालेल, घोडा बुजता कामा नये." बस. त्या एका वाक्यावर वाचकांनी दोघांची जोडी लावून टाकली. त्यांच्या नावांचा मिळून एक टॅग झाला, दोनशे-अडीचशे जणांचा एक ग्रुप झाला. मी त्यात नाही, पण कुणी ना कुणी मला तिथलं पाठवत असतं. गोदीची चित्रं बनतात. त्यात ती पैठणी नेसलेली असते, नाकात टपोऱ्या मोत्यांची नथ. पाणी तापवणारी पोर! पण लोक प्रेमाने करतात, म्हणून मी कधी कुणाला टोकलं नाही. एकीने तर दोघांचं उज्जैनला लग्न लावून दिलं, अकरा भागांची गोष्ट लिहिली. ती मी रात्री दोन वाजेपर्यंत जागून वाचली. तिचे संवाद माझ्यापेक्षा चांगले आहेत, हे मी अगदी मनापासून सांगते. त्या रात्रीपासून आत काहीतरी हललं. माझ्याच माणसांना दुसरी कुणी माझ्यापेक्षा बरं बोलायला लावते, तर मग मी कशाला लिहिते, असं वाटायला लागलं.

तरी लिहीत होते. मग अडतिसावा भाग आला.

फतेगडचा तंबू. १८३५ साल. फॅनी पार्क्स नावाची इंग्रज बाई बायजाबाईंना भेटायला येते. ही खरीखुरी बाई, तिच्या प्रवासाचं दोन खंडांचं पुस्तक १८५० मध्ये लंडनला छापलं गेलं, स्कॅन केलेलं नेटवर मिळतं. माझं इंग्रजी बेताचं आहे, डिक्शनरी घेऊन बसते. त्या भेटीची पानं मी इतक्यांदा वाचलीत की ती बाई माझ्या ओळखीची झाली आहे. ती लिहिते की बायजाबाईंचे केस पांढरे झाले होते, अंगाने भरलेल्या होत्या, हसू फार गोड, हातपाय लहान आणि सुरेख. अंगावर अगदी साधं लाल रेशीम. विधवा असल्याने दागिने नाहीत, फक्त हातात सोन्याच्या साध्या बारीक बांगड्या.

मी हे जसंच्या तसं गोदीच्या नजरेतून लिहिलं. गोदी समईची वात सारते आणि उजेड त्या लाल रेशमावर पडतो, असं. मला स्वतःला तो परिच्छेद फार आवडला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी आडतीवर असताना फोन वाजायला लागला. "विधवा बाई लाल नेसते? कुठल्या शाळेत शिकलात?" "इतिहासाची विटंबना थांबवा." इतिहासावर व्हिडिओ करणाऱ्या एकाने माझ्या परिच्छेदाचा स्क्रीनशॉट लावून चार मिनिटं सुनावलं. माझं नाव घेतलं नाही, पण ग्रुपमधल्या सगळ्यांनी ओळखलं. त्याला मानणारी मंडळी बरीच. तीन दिवस हेच चाललं. आमच्या आडतीचे शेठ विचारू लागले, "मैडम, तबियत ठीक है?"

मी उत्तर एकही दिलं नाही. तिसऱ्या रात्री एक वाजता भाग उघडला, 'लाल' खोडून 'पांढरं' केलं आणि बांगड्या काढून टाकल्या. चार मिनिटंही लागली नाहीत. सकाळी खाली लिहून आलं होतं, "आता बरोबर." त्याला सत्तर-ऐंशी हार्ट.

फोनच्या दुसऱ्या खिडकीत पार्क्सबाईचं ते पान तसंच उघडं होतं. समोर बसून बघितलेल्या बाईने लाल लिहून ठेवलंय, आणि न बघितलेल्यांसाठी मी ते पुसलं. ज्या बाईची दौलत गेली, गाव गेलं, तिच्या हातात उरलेल्या दोन बांगड्या मी काढून घेतल्या. हे मला फार लागलं. अजून लागतंय.

आता दुसरी बाजू. बाराव्या भागात एकादशी आहे. गोदी मुदपाकखान्यात साबुदाण्याची खिचडी करते, दाण्याचा कूट, जिऱ्याची फोडणी, तुपाचा वास. आजवरच्या सगळ्या भागांत सर्वात जास्त दाद त्याला मिळाली. "वाडा डोळ्यांसमोर उभा राहिला" असं कितीजणांनी लिहिलं. मागच्या महिन्यात आडतीवर साबुदाण्याची पोती उतरत होती. पोत्यांवर सेलम छापलेलं. हमालाच्या पाठीवरचं ते नाव बघताना माझ्या पोटात गोळा आला. घरी येऊन शोधलं. टॅपिओकाच्या कंदापासून साबुदाणा करायचे कारखाने तमिळनाडूतल्या सेलमला १९४० च्या दशकात सुरू झाले. माझी गोदी १८२८ मध्ये तो भिजत घालून बसली आहे!

म्हणजे जे खरं होतं त्यावर लोक तुटून पडले आणि जे चुकीचं होतं ते त्यांनी डोक्यावर घेतलं. दोन्ही वेळा मला कळलं नाही. आता एक वाक्य लिहिलं की हात थांबतो. चुलीपाशी काडेपेटी तर नाही ना लिहिली? गोदीने कुणाला चहा तर नाही ना विचारला? "मिनिटभर थांब" तर नाही ना म्हणाली? बेचाळिसावा भाग तीन आठवडे अर्धा पडलाय. रोज चाळीसेक जण विचारतात, कधी येणार.

आणि भाषा. पुण्याच्या एका वाचकाने लिहिलं की 'चौका', 'अटारी', 'पाटौर' हे मराठी शब्दच नाहीत, आधी मराठी शिका. पाटौर म्हणजे दगडी पट्ट्यांच्या छताची खोली. माझी आजी जन्मभर पाटौरमध्येच झोपली. तिला मी अमराठी म्हणू?

तुमच्यापैकी जे इतिहासावर लिहितात किंवा अशा कथा मनापासून वाचतात, त्यांना विचारते. तो परिच्छेद परत लाल करू का? एवढ्या लोकांसमोर एकदा बदलून परत बदलला तर माझ्यावर कोण विश्वास ठेवेल? खिचडीचं काय करू? आणि हा हात परत कसा चालता होतो?

---

शुहूर_सन (पुणे)

गोठवालीताई, परत लाल करा. आजच करा.

कारण सांगतो. मी मोडी वाचतो, पंचवीस वर्षं झाली. आपल्याकडे राण्यांविषयी कागद भरपूर आहेत, पण ते बहुतेक कारकुनांच्या आणि वकिलांच्या हातचे, म्हणजे पडद्याबाहेरच्या पुरुषांचे. बायजाबाई काय नेसल्या होत्या हे लिहायची त्यांना गरज नव्हती आणि बघायची सोय नव्हती. पार्क्स बाई होती म्हणून ती जनान्यात जाऊ शकली, गादीसमोर बसली. कपड्याच्या रंगाबाबत तिच्याइतका जवळचा साक्षीदार सापडणं कठीण. तिची मर्यादाही ध्यानात ठेवा. तिला हिंदुस्थानी येत होती, तिथे जे बोलणं झालं ते तिने इंग्रजीत उतरवलं. तेव्हा तिने दिलेले रंग, वस्तू, हावभाव बिनधास्त घ्या, संवाद शब्दशः घेऊ नका.

विधवा म्हणजे पांढरं, हे आपल्या डोक्यात पडद्यावरून बसलं आहे. महाराष्ट्रात ब्राह्मण घरातली केशवपन केलेली बाई लाल आलवण नेसायची, हे आपल्या आज्यांच्या पिढीने डोळ्यांनी पाहिलं आहे. शिंद्यांचं घर मराठ्यांचं, त्यांचा रिवाज वेगळा असणार, म्हणून आलवणाचा नियम तिथे लावू नका. पण तुमच्या टीकाकारांना "लाल अशक्यच" म्हणायला जागा नाही, एवढं त्यावरून नक्की होतं.

भाषेबद्दल. तुमच्या गावाची नावं एकदा मोठ्याने म्हणून बघा. कंपू. जिन्सी नाला. चिटणिसांची गोठ, निंबाळकरांची गोठ. कंपू म्हणजे कवायती पलटणी, जिन्सी म्हणजे तोफखाना, आणि तुमच्या त्या गोठीत त्या त्या सरदाराची माणसं राहायची. १८१० च्या सुमारास दौलतरावांची छावणी किल्ल्याच्या पायथ्याशी कायमची बसली आणि त्या लष्कराचं गाव झालं. हिंदुस्थानी शिपाई, तेलंगे, पठाण, मराठे, फिरंगी अंमलदार, सगळ्यांच्या बाजारात पाणी भरणारी पोर पुण्याच्या सदाशिव पेठेतलं मराठी बोलेल का? ती चौकाच म्हणेल. आणखी एक, जुन्या पत्रांतली भाषा संवादात आणायच्या मोहात पडू नका. "बहुत काय लिहिणे" हे कारकून लिहायचा, घरात कुणी तसं बोलायचं नाही.

ब्रॉटन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याची १८०९ सालच्या दौलतरावांच्या छावणीतली पत्रं छापील आहेत, ती मिळवा. बिनीवाला पुढे जाऊन महाराजांच्या तंबूच्या जागी पांढरं निशाण रोवतो, मग प्रत्येक बाजाराचं निशाण ठरल्या जागी लागतं, मुक्काम कुठेही पडो, तुमचा वाणी त्याच दिशेला सापडतो. गोदीला असं फिरतं गाव पाठ असणार. हे एकदा डोक्यात बसलं की हात आपोआप चालतो.

आता एक बोलतो, रागावू नका. साबुदाणा ही किरकोळ चूक आहे, उद्या सकाळी दुरुस्त होईल. मी तुमचे पंधरा-सोळा भाग वाचलेत. गोदी तिथे आली कशी? मुदपाकखान्यातली अनाथ पोर त्या काळात पगारी नोकर असण्यापेक्षा कुणबीण, म्हणजे विकत घेतलेली दासी, असण्याची शक्यता जास्त. कुणबिणी विकत घेतल्याचे, बक्षीस दिल्याचे कागद पेशवाईत ढिगाने आहेत. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुलखात गुलामीला कायद्याचा आधार १८४३ मध्ये काढला गेला, तुमची कथा त्याच्या आधीची. तिला आईबाप नाहीत, गाव नाही, आणि हे का नाही ते तुम्ही कुठेच लिहिलेलं नाही. खरी शंका इथे घ्यायला हवी होती. काडेपेटी मी तपासून देईन.

---

माळव्यातली_मावशी (इंदूर)

अगं पोरी, वाचून डोळ्यांत पाणी आलं. बांगड्या काढून घेतल्या म्हणालीस तिथे.

मी सत्तरीची आहे. लहानपणी आमच्या रामबागेतल्या घरी वडिलांच्या मोठ्या आत्या होत्या. लाल आलवण, डोक्यावरून पदर, हातात काही नाही. त्या आलवणाचा रंग पक्का नसायचा. धुतलं की बादलीतलं पाणी लाल व्हायचं, आणि दोरीवर शेजारी माझा शाळेचा पांढरा फ्रॉक असला तर त्याला गुलाबी डाग. मला शाळेत मार बसायचा. मी एकदा रागाने म्हटलं, तुमचं लुगडं वेगळ्या दोरीवर घाला. आत्याबाई काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून परसात लिंबाच्या फांदीवर वाळत घालायला लागल्या. मी आठ वर्षांची होते. अजून ते लिंबाचं झाड आठवतं.

त्या व्हिडिओवाल्याला हे कुणी सांगायचं? त्याने लाल रंग फक्त नवरीच्या अंगावर बघितलेला.

उपासाला वरीचे तांदूळ घाल, शिंगाड्याचं पीठ घाल. तुमच्याकडे तळ्यांतून शिंगाडा भरपूर येतो. शिंगाड्याचा शिरा तुपात भाजताना जो वास सुटतो ना, मातीचा आणि खमंग, त्याच्यापुढे साबुदाणा काहीच नाही.

---

दुरुस्ती_पत्रक (नाशिक)

माझं मत, प्रत्येक भागाखाली टीप द्या: काय खरं, काय कल्पित, आधार कोणता. पहिल्या दिवसापासून दिली असती तर हा गोंधळ झालाच नसता. आता अडतिसाव्या भागाखाली पार्क्सचा उल्लेख करून मोकळ्या व्हा.

---

रात्रपाळी (बेळगाव)

वरच्यांशी असहमत. टीप देत गेलात की लोक कथा सोडून टीप वाचतात, आणि लेखकालाही सवय लागते, टीप देता येईल तेवढंच लिहायचं. मी पाच वर्षं कित्तूरच्या काळावर लिहितोय. सुरुवातीला तळटिपा द्यायचो. एका भागाला सतरा टिपा झाल्या, आणि माणसं मेलेली. मग एक वही केली. डाव्या पानावर माझा परिच्छेद, उजव्या पानावर तो कशावरून लिहिला. वही माझ्यापाशीच. कुणी विचारलं तर त्या पानाचा फोटो पाठवतो, नाही विचारलं तर नाही. उजवं पान कोरं राहिलं तर तेही दिसतं. ते कोरं पान म्हणजे माझी कल्पना, आणि तिथे मी मोकळा.

एकदा मात्र लोकांना सांगाच, की बदललं होतं आणि परत केलं. लपून केलेलं तुमच्याच मनात राहील.

---

उज्जैनचं_लग्न (वडोदरा)

ताई, ती अकरा भागांची गोष्ट माझी आहे. तुम्ही ती वाचलीत हे मला आज कळतंय. हात थरथरतायत.

मी वीस वर्षांची. आमच्या पणजोबांपासून आम्ही बडोद्यात. घरी मराठी, बाहेर सगळं गुजराती. मराठी वाचायला यायचं, पण पोस्टर आणि देवळातल्या पाट्या एवढंच. पूर्ण पान मराठी मी पहिल्यांदा तुमचं वाचलं. आजीला वाचून दाखवायचे, अडले की ती सांगायची. आमची आजी स्वयंपाकघराला 'रसोडं' म्हणते. माझ्या वर्गातली पुण्याहून आलेली मैत्रीण त्याला हसायची. गोदीने 'चौका' म्हटलं तेव्हा आजी म्हणाली, बघ, तीही आपल्यासारखीच. म्हणून मी लिहायला लागले. माझे संवाद बरे असतील तर ते आजीचे आहेत, आणि ती माणसं तुमची.

आता एक कबूल करायचंय. "आता बरोबर" या कमेंटला जे हार्ट आहेत, त्यात एक माझा आहे. ग्रुपमध्ये सगळे देत होते म्हणून मीही दिला. विचार केला नाही. त्याआधीच्या रात्री मी तो लाल रेशमाचा परिच्छेद आजीला दोनदा वाचून दाखवला होता, तरी दिला.

त्या परिच्छेदाचा स्क्रीनशॉट माझ्याकडे आहे, समईची वात सारण्यापासून शेवटपर्यंत. तुमच्याकडे जुनी प्रत नसेल तर मी आत्ता पाठवते, एकही शब्द गेलेला नाही.

आणि शुहूर काका, तुम्ही कुणबिणीचं लिहिलंत ते वाचून मी माझी गोष्ट परत उघडली. मी गोदीला उज्जैनला स्वतःच्या मनाने जायला लावलंय, कुणाला न विचारता. ती विकत घेतलेली असेल तर तिला छावणी सोडता आली असती का? मला हे आधी माहीतच नव्हतं. ते लग्न आता मला खोटं वाटायला लागलंय. काढून टाकू का?

---

शुहूर_सन (पुणे)

काढू नकोस, बाळ. सुटका कशी झाली तो एक भाग आधी लिही. कुणबीण सोडून दिल्याचे कागदही आहेत. मला मेसेज कर, दोन नकला पाठवतो, मोडीवरून बाळबोधीत उतरवलेल्या.

---

गोठवाली (ग्वाल्हेर)

चार दिवस उत्तर दिलं नाही, माफ करा. आडतीवर नव्या मालाची आवक होती, आणि खरं तर मी लिहीत होते.

जुनी प्रत माझ्याकडे नव्हती. बडोद्याच्या पोरीने पाठवली. तिच्या स्क्रीनशॉटमध्ये वर बॅटरी सहा टक्के दिसतेय, रात्रीचे अकरा चाळीस. आजीला वाचून दाखवत होती ती हीच वेळ असणार. तिच्या फोटोवरून एकेक शब्द परत टाइप केला, कॉपी करता येत असतं तरी मी टाइपच केला असता. लाल रेशीम परत आलं. बांगड्या परत आल्या. खाली तीन ओळी लिहिल्या: हे आधी असंच होतं, मी घाबरून बदललं होतं, फॅनी पार्क्सने १८३५ मध्ये समोर बसून पाहिलं ते हे. टीप म्हणा किंवा कबुली म्हणा. यापुढे टिपा देणार नाही, वही केली आहे. आडतीतलीच लाल कापडाची बही, शेठने दिली. रात्रपाळी दादा, उजवी पानं भरतायत.

लोक बोलायचे ते बोलले. त्या व्हिडिओवाल्यांनी काही म्हटलं नाही. एकीने लिहिलं की तिच्या पणजीचा एकुलता एक फोटो आहे, कृष्णधवल, त्यात लुगडं गडद दिसतं आणि घरात कुणी कधी विचारलंच नाही की कुठला रंग. आता ती आत्याला विचारणार आहे.

मावशी, तुमच्या लिंबाच्या झाडाची गोष्ट मी रोज एकदा वाचते. कथेत घेणार नाही, ती तुमची आहे.

बाराव्या भागातली खिचडी गेली. दाद गेली तर जाऊ दे. रविवारी दुपारी चौक्यात शिंगाड्याचं पीठ तुपात भाजायला घेतलं आणि फोन शेजारी ठेवून लिहिलं. आधी कच्च्या मातीचा वास येतो, पावसाच्या पहिल्या सरीसारखा. मग रंग बदलतो आणि एका क्षणी पीठ हलकं होतं, उलथन्याला कळतं. नाकाच्या आधी हाताला कळतं. हे मला खिचडीत लिहिता आलंच नसतं, कारण खिचडी मी आठवणीवर लिहिली होती आणि हे हाताने. गोदीने आता वरी आणि शिंगाडा केलाय.

शुहूर काका, तुम्ही बोलला ते खरं आहे, आणि ते मला माहीत होतं. गोदी कुठून आली ते मी मुद्दाम लिहिलं नव्हतं. पहिल्या भागाच्या कच्च्या मसुद्यात एक ओळ होती, तिच्या बदल्यात किती रुपये दिले त्याची. छापायच्या आदल्या रात्री काढली, वाटलं की असं वाचून कुणी पुढे येणार नाही. मग वाचकांनी तिला नथ घातली, पैठणी नेसवली, आणि ती ओळ आणखीनच अवघड होत गेली. आता बेचाळिसाव्या भागात ती येणार. गोदी स्वतः सांगणार, चाबूकस्वाराला, घोड्याला खरारा करताना. बडोद्याची पोर आणि मी दोघी मिळून तो संवाद बघतोय, आजींनाही फोनवर घेतलंय. त्या म्हणतात, असं सांगणारी बाई समोर बघत नाही, हातातलं काम बघते.

त्याच भागात पार्क्सबाईची घोडेस्वारी आहे. इंग्रज बायका एका बाजूला दोन्ही पाय सोडून बसतात, ते बायजाबाईंच्या बायकांना दाखवायला ती तशी बसून दाखवते, आणि या सगळ्याजणी हसतात, कारण आपल्याकडच्या बायका मांड ठोकून बसणाऱ्या. पुढे ती स्वतः मराठी वेष करून तशी बसूनही बघते. मी हे गोदीच्या बाजूने लिहितेय. घोडा धरून उभी आहे, तिच्या अगदी डोळ्यांसमोर ते वेगळं खोगीर.

काल रात्री इथे अडले. खोगीर, तंग, लगाम हे ठीक. पाय ठेवायच्या कडीला मी 'रिकीब' लिहिलंय. काका, छावणीतली तबेल्याची माणसं रिकीबच म्हणत असतील ना? तुम्ही हो म्हणालात की शनिवारी भाग टाकते.